खाडी कुठली ते आधी सांग

चेंबूर स्टेशनसमोर, रिक्षांच्या रांगेला लागून सात-आठ उंच स्टुलं टाकायची, बर्फाचा ढीग करायचा आणि येईल त्याला कच्ची कालवं फोडून, लिंबू पिळून द्यायची, ही कल्पना भाच्याची. "स्टुलांच्या शेजारी ॲम्ब्युलन्सपण उभी कर," हे आत्यांचं उत्तर. भाचा ह्यूस्टनला असतो आणि जोडून सुट्टी आली की गाडी काढून न्यू ऑर्लिन्सला पळतो. आत्या माहेरच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न होऊन चेंबूरला आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत एका रुग्णालयात नर्स होत्या. मी त्यांचा शेजारी. कालवांचं सुकं झालं की एक वाटी आमच्याकडे येते. त्या रविवारी वाटीऐवजी जेवायलाच बोलावणं आलं, आणि वाद पहिल्या घासापासून सुरू झाला. तो इथं थोडा आखडून लिहिला आहे. मधेमधे माझी मतं घुसली आहेत, ती काढण्याची मला गरज वाटली नाही.

भाचा: आत्या, न्यू ऑर्लिन्सला ॲक्मी ऑयस्टर हाउस म्हणून जागा आहे, 1910 पासूनची. नंबर लावायचा, आत शिरायचं, काउंटर गाठायचा. समोरचा माणूस हातमोजा घालून सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालतो, मनगट फिरवतो, झाकण सुटतं. डझनभर पुढ्यात मांडतो. बाजूला लिंबू, तिखट सॉस, खारी बिस्किटं. पंधरा मिनिटांत खाऊन माणूस रस्त्यावर. सूट घातलेला वकीलही तिथंच आणि ट्रकवालाही तिथंच.

आत्या: आणि ते कालव जिवंत असतं?

भाचा: असायलाच हवं. मेलेलं खायचंच नाही.

आत्या: म्हणजे जिवंत जनावर गिळायचं.

भाचा: तू चिंबोरी जिवंतच आणतेस की.

आत्या: जिवंत आणते. मधे गॅस असतो.

भाचा: त्या गॅसवरच सगळं बिघडतं. कालवाची चव म्हणजे खारं पाणी, मग जरासा गोडवा, मग काहीतरी धातूसारखं. तुम्ही त्यावर कांदा, खोबरं, मसाला ओतता. खाली कालव आहे की मशरूम, कुणाला कळतं?

आत्या: मेल्या, तुका काय कळता? माझ्या आईचं सुकं तू खाल्लं नाहीस. कांदा तेलात परतायचा, आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला, की कालवं टाकायची. वरून थेंबभर पाणी घालायचं नाही, ती स्वतःचं पाणी सोडतात. त्याच पाण्यात शिजवायची. शेवटी दोन आमसुलं आणि ओलं खोबरं. तुझं ते खारं पाणी आम्ही फेकत नाही रे, भातावर घेतो.

चवीच्या बाबतीत मी आत्यांच्या बाजूनं आहे. पण ते मत ताटासमोर बसून बनलेलं आहे, त्याला फार किंमत देऊ नये. कच्च्या कालवाची चव बनावट असते असं म्हणता येत नाही. ज्या पाण्यात ते वाढलं त्याचा खारेपणा, तिथलं शेवाळ, ऋतू, सगळं त्यात उतरतं, म्हणून तर शौकीन लोक उपसागराच्या नावानं कालवं मागवतात. हाच गुण पुढं वादाच्या मुळाशी येणार होता. जे पाण्यात आहे ते कालवात येतं, आणि त्यात निवड नसते.

आत्यांच्या लहानपणी कालवं विकत आणायची वस्तूच नव्हती. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खाडीतले खडक उघडे पडले की बायका टोकदार लोखंडी हत्यार घेऊन जायच्या. शिंपल्याची धार हाताला कापायची. वरचं कवच ठोकून उडवायचं आणि आतलं मांस भांड्यात गोळा करायचं, तेही त्याच्या पाण्यासकट. एवढ्या मेहनतीला पुरुष फारसे जात नसत, असं आत्या ठसक्यात सांगतात. चेंबूरच्या बाजारात कालवं मिळतात ती अशीच फोडलेली. शिंपला दिसत नाही, राखाडी-पांढरे गोळे पाण्यात असतात, वाट्यावर विकले जातात. तिसऱ्या निदान मिटलेल्या शिंपल्यात येतात आणि जिवंत आहेत की नाही हे बोटानं टकटक करून बघता येतं. कालवांना ती सोय नाही.

भाच्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

भाचा: ही कालवं कुठून आणलीस?

आत्या: माझी ठरलेली कोळीण आहे, ट्रॉम्ब्याहून येते. तिच्या हातचं मी डोळे मिटून घेते. माझ्या लेकीच्या लग्नात ती पहिल्या पंगतीला होती.

भाचा: ते ठीक आहे. कालवं कुठली?

आत्या: खाडीची.

भाचा: कुठल्या खाडीची?

आत्या: आता खाडीला काय गोत्र विचारू?

भाचा: तेच विचारायचं असतं. अमेरिकेत कालवांच्या प्रत्येक पोत्याला चिठ्ठी असते. कुणी काढली, कुठल्या पट्ट्यातून, कुठल्या तारखेला. पोतं रिकामं झालं तरी हॉटेलवाल्यानं ती चिठ्ठी 90 दिवस ठेवायची असा नियम आहे. कुणी आजारी पडलं तर चिठ्ठीवरून मागं मागं जात त्या पाण्यापर्यंत पोचता येतं.

आत्या: बरे शहाणे लोक. जन्मापासूनच असे का?

भाचा: नाही. 1924 च्या थंडीत न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनला टायफॉइडची साथ आली. सुमारे 1500 लोक आजारी पडले, दीडशेच्या आसपास मेले. माग काढला तर लाँग आयलंडची कालवं. लोकांनी कालवं खाणं टाकलं, धंदा बसला, तेव्हा व्यापाऱ्यांनीच सरकारकडे जाऊन नियम मागितले. 1925 पासून पाणी तपासणं, पट्टे मंजूर करणं, सगळं सुरू झालं.

आत्या: म्हणजे दीडशे माणसं मेल्यावर चिठ्ठी आली.

भाचा: हो, पण आली.

आत्यांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. भाच्याच्या ताटात भात वाढला. पण नोकरीत असंख्य जुलाब-उलट्या निस्तरलेल्या बाई त्या, इतक्यावर सोडणार नव्हत्या.

आत्या: एक सांग. पाणी तपासलेलं, चिठ्ठी लावलेली, बर्फात ठेवलेलं. मग कच्चं खाऊन कुणी आजारी पडत नाही?

भाचा: पडतात. थोडे.

आत्या: दुकानात तसं सांगतात?

भाचा: लुईझियानात पाटी लावावी लागते. यकृताचा, पोटाचा, रक्ताचा जुना आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर कच्ची कालवं खाऊ नका, शिजवलेली खा.

आत्या: बघ. आणि हा चेंबूरमध्ये स्टुलं टाकणार! आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर एक मधुमेहवाला आहे, आणि निम्म्यांना ठाऊकच नाही.

इथं आत्यांचं पारडं जड झालं, आणि ते अनुभवानं नव्हे तर शास्त्रानं. गरम समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू राहतात. ते गटारातून येतात असं नाही, निसर्गतःच असतात, आणि पाणी तापलं की वाढतात. त्यातली व्हल्निफिकस ही जात यकृताच्या रोग्याच्या रक्तात शिरली तर दोन दिवसांत जीव घेऊ शकते. लिंबानं ते मरत नाहीत, तिखट सॉसनं नाही आणि सोबतच्या बिअरनंही नाही. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी उन्हाळ्यात जितकं तापतं, तितकं मुंबईचं वर्षातले बरेच महिने असतं. न्यू ऑर्लिन्समधलंच कॅसामेंटोज हे 1919 पासूनचं दुकान उन्हाळ्यात कुलूप लावून बसतं. म्हणजे ज्या शहराचा दाखला भाचा देत होता, तिथला एक जुना दुकानदार तरी आत्यांच्याच पक्षाचा निघाला.

शिजवण्याचीही एक मेख आहे. वाफेवर शिंपला उघडला म्हणजे आतलं शिजलं, असा आपल्याकडे समज आहे. नोरोव्हायरस तेवढ्या वाफेला दाद देत नाही. कालवं नीट उकळावी लागतात. आत्यांच्या पद्धतीत ती स्वतःच्या पाण्यात खदखदून शिजतात, म्हणून ती पद्धत चांगली. तव्यावर रवा लावून घाईत परतलेली कालवं खुसखुशीत लागतात, पण मधे कच्ची राहिली असतील तर भरवसा नाही.

हे ऐकून आत्या खूश झाल्या. भाचा झाला नाही.

भाचा: बरं, मान्य. तू शिजवलंस, जंतू मेले. शिसं कशानं मरतं?

आत्या: कसलं शिसं?

भाचा: कालव म्हणजे गाळणं आहे, आत्या. तिकडचं एक मोठं कालव परिस्थिती चांगली असेल तर दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी आतून काढू शकतं. पाणी बाहेर जातं, काही गोष्टी आत राहतात. शिसं, कॅडमियम. ते उकळून जात नाही, तळून जात नाही. आता ट्रॉम्ब्याच्या खाडीभोवती काय काय आहे, मोज.

मोजायला फार लांब जावं लागत नाही. माहुलला 1954-55 मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. शेजारी खतकारखाना. पलीकडे देवनारचं डम्पिंग ग्राउंड, 1927 पासूनचं, थेट खाडीला टेकलेलं. वरून ठाण्यापासूनचं औद्योगिक आणि घरगुती सांडपाणी. ठाणे खाडीच्या गाळात आणि तिथल्या जीवांत जड धातू सापडल्याचे शोधनिबंध वर्षानुवर्षं प्रसिद्ध होत आले आहेत. खाडी मेलेली नाही, हेही खरं. फ्लेमिंगो येतात, 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसर यादीत नाव गेलं. पण पक्ष्याला मानवतं ते माणसाच्या ताटाला मानवेल असं त्यातून निघत नाही.

1927 या सालाशी मी जरा अडलो. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरानं आपल्या बंदरातला कालवांचा शेवटचा पट्टा बंद केला. एकोणिसाव्या शतकात त्या शहरात कालवं हे गरिबाचं खाणं होतं, गाड्यांवर मिळायचं. सांडपाण्यानं ते संपवलं. 2014 पासून तिथं बंदरात पुन्हा कालवं सोडण्याची मोठी मोहीम चालू आहे. ती पाणी स्वच्छ व्हावं, लाटा अडाव्यात म्हणून सोडतात. खायला कडक मनाई आहे. न्यूयॉर्कच्या बारमध्ये आज जे कालव मिळतं ते दुसऱ्या, तपासलेल्या पाण्यातून येतं. त्यांनी 1927 मध्ये एक पट्टा मिटवला आणि आपण त्याच साली खाडीकाठी कचरा टाकायला सुरुवात केली.

आत्या: मग माझ्या कोळणीनं काय करायचं? तिनं टाकला का तो कचरा? तिचे सासरे जाळं टाकत होते तेव्हा तिथं एक चिमणी नव्हती.

भाचा: मी तिला दोष देत नाही.

आत्या: देतोस. चिठ्ठी माग, पट्टा विचार, म्हणजे शेवटी टोपली कुणाची परत जाते? 2010 आठवतं? जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं, आणि कित्येक दिवस कुणी मासळीला हात लावेना. ती बाजारात यायची, बसायची, बर्फ वितळला की उठायची.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं आपटली, त्याबद्दल त्या बोलत होत्या. भाच्याला त्याच वर्षाची दुसरी गोष्ट ठाऊक होती. एप्रिल 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीची तेलविहीर फुटली. सरकारनं कालवांचे पट्टे नकाशावर आखून बंद केले. न्यू ऑर्लिन्समधल्या 1876 पासूनच्या पी अँड जे ऑयस्टर कंपनीला जूनमध्ये कालवं फोडण्याचं काम थांबवावं लागलं.

भाचा: पण तिथं पट्टा कागदावर होता. अमुक माणसाचा, अमुक जागेचा, या तारखेपासून बंद. म्हणून बीपीकडे भरपाई मागता आली.

आत्या: आणि हिचा पट्टा?

भाचा: कागदावर कुठं आहे? ती दिवसाला किती कालवं काढते हे कुणी लिहूनच ठेवत नाही. मग तिचं नुकसान झालं हे सिद्ध कसं करणार? चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी असते असं तुला वाटतं. ती तिच्याही कामाची आहे.

मला वाटतं, सगळ्या वादात भाच्याचं सर्वांत वजनदार वाक्य हेच होतं, आणि कच्चं-शिजलेलं या भांडणात ते हरवून गेलं असतं. आत्यांनी ते मान्य केलं असं मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी काढायला तिच्याकडून किती घेतील तेवढं बघ आधी." कोळीवाड्याशी सरकारी कागदाचा आजवरचा संबंध पाहता ही शंका अगदीच कुजकट नाही.

मग भाच्यानं गाडी वळवली. बार म्हणजे काही नवं नाही, दार उघडून आत शिरायचं, आरक्षण नाही, थाट नाही, एवढंच आपल्याला हवं, असं तो म्हणू लागला. त्यावर आत्यांनी त्याला गप्प केलं. तशी दारं आपल्याकडे उघडीच आहेत. चेंबूरची मालवणी खानावळ कधी कुणाला फोन करून या म्हणते? माहीमच्या कोळीवाड्यात 2023 पासून बचत गटाच्या बायका शनिवार-रविवारी खाडीच्या काठावर स्वतः रांधून विकतात, लोक गर्दी करतात. "तुझ्या बारमध्ये फोडणारा पुरुष, आमच्याकडे फोडणारी, रांधणारी आणि पैसे मोजणारी बाईच," असंही त्या म्हणाल्या. हा मुद्दा वादाला धरून नव्हता, पण खोडण्यासारखाही नव्हता.

भाचा: बरं, चेंबूर सोडलं. मालवण?

आत्या: मालवणचं काय?

भाचा: पर्यटक येतात, पाणी मुंबईपेक्षा कितीतरी बरं. सिंधुदुर्गात बायकांच्या बचत गटांनी खाडीत बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून कालवं वाढवली आहेत, कांदळवन कक्षाच्या मदतीनं. म्हणजे कुठलं कालव कुठल्या खाडीतलं, कुणाचं, हे आधीपासूनच माहीत आहे. चिठ्ठी तिथं सहज लागेल. केरळात कालवांची शेती आहेच, आणि विकण्याआधी ती स्वच्छ पाण्यात ठेवण्याची पद्धत तिथल्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं बसवली आहे. सुमारे दोन दिवस फिरत्या निर्जंतुक पाण्यात ठेवली की कालवं पोटातली घाण टाकतात.

आत्या: व्हायरस टाकतात? शिसं टाकतात?

भाचा: जंतू बरेचसे. व्हायरस नीट नाहीत. शिसं तर नाहीच. म्हणून आधी पाणीच चांगलं लागतं.

आत्या: आणि पावसात? जूनला डोंगरावरचं पाणी खाडीत उतरलं की कालवं पाणचट होतात. आई पावसात कालवं घरात घ्यायची नाही.

भाचा: बंद ठेवायचं. 2019 मध्ये मिसिसिपीचा पूर वळवायला बॉने कॅरे बंधाऱ्याची दारं कित्येक आठवडे उघडी होती, तर शेजारच्या समुद्रात इतकं गोडं पाणी शिरलं की बहुतेक कालवं मेलीच. तुझी आई बरोबर होती.

आत्या: आई बरोबर होती हे कळायला तुला मिसिसिपीला जावं लागलं.

शेवटी भाच्यानं भाजलेल्या कालवांचं नाव काढलं. न्यू ऑर्लिन्सजवळच्या ड्रॅगोज नावाच्या उपाहारगृहानं 1993 मध्ये अर्ध्या शिंपल्यातलं कालव लोणी, लसूण, चीज घालून जाळावर भाजायला सुरुवात केली. आता शहरभर तेच चालतं, आणि कच्चं खायला घाबरणारा पर्यटक तेच मागवतो. आत्यांनी लोणी-चीज बाजूला सारलं आणि जाळ तेवढा ठेवला. खाडीकाठी पेंढा पेटवून कालवांचे झुबके त्यात टाकायचे आणि तडतडून उघडले की काढायचे, हे त्यांनी लहानपणी केलं होतं. मालवणला असला काउंटर कुणी टाकला तर त्या जाऊन बसतील. कच्चं मात्र नाही, कुणी सोन्याच्या ताटात दिलं तरी नाही. भाचा कच्चंच खाणार, पण तो म्हणाला, इथं नाही.

माझं मत विचाराल तर चेंबूरच्या कालव-बारची खरी सुरुवात काउंटरपासून होत नाही. मुंबईची सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं, घाटकोपर आणि भांडुपची धरून, दिवसाला सुमारे 2460 दशलक्ष लिटर पाणी साफ करण्यासाठी बांधली जात आहेत. जानेवारी 2023 मध्ये भूमिपूजन झालं. ती पूर्ण क्षमतेनं चालली, कारखान्यांवर आणि देवनारवर नजर राहिली, तरी गाळात बसलेले धातू एका पिढीत जायचे नाहीत. तोपर्यंत ट्रॉम्बे-माहुलच्या पट्ट्यातली कालवं मी कच्चीही खाणार नाही आणि शिजवलेलीही वरचेवर खाणार नाही. आत्यांनी दिलेली वाटी मात्र मी परत करत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तुम्ही बाजारात कालवं घेत असाल तर भाव करण्याआधी विचारा, खाडी कुठली? वसईची, अलिबागकडची, रत्नागिरीची, की इथलीच? कोळीण बहुतेक वेळा खरं सांगते, आणि दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर बरी कालवं आणण्यात तिचाही फायदा होईल. घरी आणली की त्याच दिवशी खदखदून शिजवा. आणि घरात कुणाला मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल, तर सहलीला न्यू ऑर्लिन्सला गेलात काय किंवा गोव्याला, त्याच्या ताटात कच्चं कालव येऊ देऊ नका.